कवड्या, काड्या आणि एकवीस

मराठी मुलांच्या गणिताचा इतिहास आपण सहसा पंतोजींच्या शाळेपासून सांगतो. धुळाक्षरे, उजळणी, पावकी-निमकी, छडी. त्याच काळात घराच्या ओसरीवर दुसरी शाळा भरत होती, तिची मात्र फारशी नोंद झाली नाही. चल्लस-आठच्या पटावर पंचवीस घरे आणि हातात चार कवड्या. कवड्या उताण्या-पालथ्या पडतील तसे एक, दोन किंवा तीन. चारही एका बाजूला पडल्या तर चार आणि उलट बाजूला पडल्या तर थेट आठ. सोंगटी मारायला पाच घरे हवी असतील, तर पोर स्वतःशीच ‘चार नि एक’ असे जुळवते. पाठांतरात न सापडणारी बेरीज इथे गरजेपोटी होते.

हा खेळकरपणा शिक्षणपद्धतीत आणण्याचे मोठे श्रेय ताराबाई मोडक यांना जाते. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरी पद्धतीची विकत मिळणारी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने ही परिसरातली साधने वर्गात आली. अडचणीतून निघालेली ही वाट शास्त्रशुद्धही होती, कारण संख्या आधी हाताला कळते आणि मग तिला नाव मिळते.

मराठीत नेमकी या नावापाशीच अडचण येते. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी मुलाने मांडली, की डोळ्यांना ‘दोन दहा, एक’ दिसते. तोंड मात्र ‘एकवीस’ म्हणते. एकोणतीसला तर समोर दोन गठ्ठे, नऊ काड्या आणि नावात तीस! 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे मांडली, पण वाद भाषेच्या अस्मितेकडेच वळला.

गठ्ठे बांधण्या-सोडण्याच्या खेळाला पुरेसा वेळ मिळाला, तर ‘एकवीस’ न सोडताही त्याचा अर्थ मुलाला लागतो. हा मुद्दा त्या वादात मागे पडला. गावाचे उपनगर झालेल्या वारज्यासारख्या ठिकाणी तो अधिकच महत्त्वाचा आहे. तिथल्या वर्गात घरी कन्नड बोलणारे मूल असेल, तर त्याच्या कानावर ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक, असेच पडलेले असते. त्याला आणि शेजारच्या मराठी मुलाला जोडणारी समान भाषा म्हणजे समोरच्या काड्या. वर्गात आज खेळाला जागा मिळते, पण बहुधा ‘अभ्यास झाल्यावर’. ताराबाईंच्या बालवाडीत खेळ हाच अभ्यास होता.