खोती तक्षीम

खोती तक्षीम म्हणजे कोकणातील खोती गावात खोत घराण्याच्या प्रत्येक शाखेकडे वारसाहक्काने चालत आलेला हिस्सा. ‘तक्षीम’ हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘वाटणी’ असा आहे. असा हिस्सा धारण करणाऱ्यास तक्षीमदार म्हणत.

रत्नागिरी जिल्ह्यात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधील वंशपरंपरागत वसूलदार होता. घराणे वाढल्यावर जमीन न मोडता उत्पन्नाचे आणे-पै ठरवावयाचे आणि कारभार आळीपाळीने पाहावयाचा, अशी अनेक गावांत वहिवाट होती. त्यामुळे एखाद्याचा हिस्सा किती हे ठाऊक असे. तो कोठून कोठवर हे मात्र सांगता येत नसे. जांभ्या दगडाचा गडगा कसणाऱ्याची हद्द दाखवी, तक्षीमदाराची नव्हे.

कुळांच्या दृष्टीने प्रश्न याहून बिकट होता. १८८० च्या खोती कायद्याने १८४५-४६ या महसुली वर्षापासून जमीन सलग कसणाऱ्यास कायम कूळ मानले. ज्यांचा ताबा तितका जुना ठरला नाही, त्यांचे हक्क दुबळे राहिले. भोगवटादार कुळाची जमीन मुलाबाळांकडे जाई. पण खोताच्या संमतीवाचून ती विकता येत नसे. कुळांच्या नोंदी असलेले बोटखत हा म्हणूनच दाव्यांतील कळीचा पुरावा ठरे. निरक्षर कुळाला त्यातील नोंद तपासणे अशक्यप्राय होते, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव म्हणावी लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही पद्धत १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने संपुष्टात आली.

खोती गेली, तरी सामाईक धारणा राहिली. कोकणातील कित्येक सातबारा उताऱ्यांवर आजही अनेक सहहिस्सेदारांची नावे एकत्र आढळतात; त्यांपैकी कितीतरी मृत, तर वारस मुंबईत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला, त्यामुळे वारसनोंदीत पूर्वी वगळली जाणारी नावेही आता पुढे येतात. भूमी अभिलेख खात्याच्या हद्द कायम मोजणीने गटाची सीमा निश्चित होते. त्या गटात कोणाचा तुकडा कोठे, हे ठरण्यासाठी मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार वाटप किंवा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणि त्यानंतर पोटहिस्सा मोजणी लागते. औद्योगिक वसाहत असलेल्या मिरजोळ्यासारख्या रत्नागिरी शहरालगतच्या गावांत, जेथे जमिनीस बिनशेती मागणी असते, तेथे न झालेले वाटप विशेष अडचणीचे ठरते.