फ्रिजची घरघर कुठून आली

बर्फ तयार होताना आवाज व्हायलाच हवा, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. १९२०च्या दशकात घरात बर्फ करणारी दोन प्रकारची यंत्रं बाजारात शेजारी-शेजारी उभी होती आणि त्यांतलं एक जवळजवळ नि:शब्द होतं. आपल्या स्वयंपाकघरात आलं ते दुसरं. म्हणून फ्रिज घरघरतो अशी तक्रार येते, तेव्हा त्या आवाजातला काही भाग बिघाडाचा असतो आणि काही भाग शंभर वर्षांपूर्वीच्या एका निवडीचा असतो. हे दोन भाग वेगळे करता येणं हेच आवाजाच्या दुरुस्तीतलं खरं कौशल्य आहे, आणि ते वेगळे करायचे तर यंत्राचा इतिहास माहीत हवा, असं माझं म्हणणं आहे.

आधी मूक यंत्राबद्दल. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंतेर्स या दोन विद्यार्थ्यांनी अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांवर चालणारा फ्रिज रचला. खाली एक लहानशी ज्योत तेवत ठेवायची. तिच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर चढतो, थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पुन्हा पाण्यात विरघळतो. सगळीकडे दाब सारखा असल्यामुळे पंप नको, मोटर नको, हलणारा एकही भाग नको. इलेक्ट्रोलक्सने हा शोध विकत घेतला आणि अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या सर्व्हेल कंपनीने तो गॅसवर चालवून विकला. वीज नसलेल्या ठिकाणी याच घराण्यातले रॉकेलवर चालणारे फ्रिज भारतातही पुष्कळ वर्षं कामाला आले.

विजेच्या फ्रिजची सुरुवात याच्या अगदी उलट, गोंगाटात झाली. मोटर बाहेर, तिच्यावरून पट्टा, पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर, आणि त्याचा दांडा कवचातून जिथे बाहेर येई तिथल्या पॅकिंगमधून हळूहळू गळणारा वायू. हा वायू बहुधा सल्फर डायऑक्साइड असे. त्याच्या उग्र वासाने माणसं निदान सावध तरी व्हायची. गळतीच्या या भीतीनेच अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड यांना फ्रिजकडे वळवलं. बर्लिनमधलं एक कुटुंब फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने दगावल्याची बातमी वाचून त्यांनी हलत्या भागांशिवायचे अनेक आराखडे केले. त्यांतल्या एकात चुंबकीय क्षेत्राच्या बळावर द्रवरूप धातू ढकलणारा पंप होता. त्यात घासणारं काही नव्हतं, तरी तो पंप चालताना इतका आवाज करी की घरात ठेवणं अवघड होतं. थोर बुद्धीचे लोकही या आवाजापुढे अडखळले होते, हे दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तोडगा निघाला तो जनरल इलेक्ट्रिककडून. १९२७ साली बाजारात आलेल्या त्यांच्या ‘मॉनिटर टॉप’ या फ्रिजमध्ये मोटर आणि कंप्रेसर दोन्ही एकाच पोलादी कवचात कायमचे बंद केलेले होते. दांडा बाहेर येतच नाही, मग गळणार कुठून? पट्टाही गेला आणि आवाजही पुष्कळ दबला. असे दहा लाखांहून अधिक फ्रिज खपले. पण त्याच क्षणी यंत्राचं हृदय दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताबाहेर गेलं. आधी तो पाहून, हात लावून, पट्टा ताणून निदान करी. आता त्याच्याकडे मुख्यतः कानच उरला.

यावर कोणी म्हणेल, मूक फ्रिज हरला तो उष्णता फार खातो म्हणून, यात निवडीचा प्रश्न कुठे येतो? ज्योतीवरचा फ्रिज त्याच थंडाव्यासाठी जास्त ऊर्जा घेतो हे खरं आहे. मात्र त्या काळी कोळशातल्या उष्णतेचा फार मोठा भाग वीज तयार होतानाच वाया जात असे. फ्रिजपाशी पोचलेली वीज आणि घरात थेट जळणारा गॅस यांची तुलना करताना तो तोटाही मोजावा लागतो, आणि तो मोजला की विजेच्या फ्रिजची आघाडी पुष्कळ कमी होते. दिवसरात्र चालणारं उपकरण म्हणजे वीजकंपन्यांना कायमचं गिऱ्हाईक, हे मात्र जनरल इलेक्ट्रिकला १९२३ सालीच उमगलेलं होतं. मोठं भांडवल आणि मोठी जाहिरात ज्या बाजूला होती, ती बाजू जिंकली. १९५८ साली गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला घेतले तेव्हा कंप्रेसरच सर्वत्र रूढ झालेला होता.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: मेकॅनिकला इतिहास कशाला, खराब भाग बदलला की झालं! पण आवाज जिथून येतो तिथेच दोष असतो असं नाही. आतला पंखा खरखरतो, म्हणून पंखा बदलला जातो आणि काही दिवसांत खरखर परत येते. कारण पाती घासत असतात ती साचलेल्या बर्फाला, आणि बर्फ साचतो तो डीफ्रॉस्टचा हीटर किंवा त्याचा थर्मोस्टॅट निकामी झाल्यामुळे. कंप्रेसरची संथ गुणगुण ही वारशाने आलेली आहे. ती एकाएकी वाढली तर आधी फ्रिजचे पाय समपातळीत आहेत का, खालची रबरं कडक झाली आहेत का, एखादी नळी भिंतीला टेकते आहे का हे पाहावं. आपोआप बर्फ पाडणाऱ्या यंत्राने यात नवे आवाज आणले. घरगुती फ्रिजमध्ये ते १९५३ साली आणलं मूक फ्रिज विकणाऱ्या सर्व्हेलनेच. पाणी भरताना व्हॉल्व्ह काही सेकंद गुंजतो, तयार बर्फ डब्यात खडखडत पडतो. हे दोन्ही निरोगी आवाज आहेत. व्हॉल्व्ह गुंजला आणि पाणी आलंच नाही, तर नळ बंद आहे किंवा जाळी गाळाने भरली आहे.

राहिला खुद्द बंद कंप्रेसर. ज्या देशात तो घडला तिथे तो न उघडता टाकून देण्याची रीत पडली. भारतातल्या कारागिरांना ही रीत परवडली नाही. कवच कापायचं, जळालेली मोटर पुन्हा गुंडाळायची आणि कवच वेल्डिंगने जोडायचं, हे काम इथल्या वर्कशॉपांनी अंगवळणी पाडलं. या कामाची पारख मी त्याच्या आवाजावरूनच करीन. आतली मोटर स्प्रिंगांवर टांगलेली असते. जोडताना त्या नीट बसल्या नसतील, तर कंप्रेसर सुरू आणि बंद होताना कवचावर ठोका पडतो, आणि तो ऐकू आला तर ते काम पुन्हा करून मागावं.