बेंजोची बटणं

कोकणात वेळणेश्वरला वरातीपुढे वाजतो त्याला सगळे बेंजो म्हणतात. खरा बेंजो गोल, चामड्याने मढवलेला आणि लांब दांडीचा. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी त्याचं मूळ रूप अमेरिकेकडे नेलं. आपला म्हणजे लांबट खोका, वर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. हा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ साली तो काढला. त्याच वर्षी ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव ताइशोगोतो. भारतात तो बुलबुलतरंग झाला, मुंबईत विजेवर वाजू लागला, २०१६ मध्ये रवी जाधवांच्या हिंदी सिनेमाचा नायकही बेंजोवाला झाला.

इथवर ठीक. पण तारांचं वाद्यच हवं होतं, तर मँडोलिन मुंबईत होतंच की! लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादक. ते स्टुडिओत रमलं, गल्लीत का उतरलं नाही? बेंजो स्वस्त म्हणून, असं सांगतात. आवाज मोठा म्हणून, असंही सांगतात. दुसरं तर मुळीच पटत नाही; कर्णा लावला की कुठलंही वाद्य मोठंच.

मला उत्तर सापडलं ते आयर्लंडमध्ये. तिथेही बेंजो पाहुणाच, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेला. तिथल्या नाचाच्या चाली फिडलवरच्या, कानाने उचललेल्या. १९६०च्या दशकात ‘द डब्लिनर्स’ या लोकसंगीताच्या चमूतल्या बार्नी मकेना यांनी चार तारांचा बेंजो फिडलच्याच स्वरांत, पण एक सप्तक खाली लावून लोकप्रिय केला. मँडोलिनच्या तारा फिडलसारख्याच लागतात. म्हणजे फिडल किंवा मँडोलिन येणाऱ्याला नवं काही पाठ करायला नको; कुठल्या तारेवर कुठलं बोट, हे त्याला आधीच ठाऊक. नव्या वाद्याला घरात घेतलं ते जुन्या बोटांनी.

कोकणात ही जुनी बोटं पेटीवाल्याची, असं माझं ठाम मत आहे. भजनी मंडळ आलं की पेटी आली. बेंजोची बटणंही पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखी दोन ओळींत. मँडोलिनवर पडद्यांमधली जागा बोटाने शोधावी लागते, इथे बटण दाबलं की सूर हजर.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पेटी वाजते उजव्या हाताने, बेंजोची बटणं दाबायची डाव्याने. उजवा तारा छेडण्यात गुंतलेला. मग बोटं जुनी कशी? मी म्हणतो, हात बदलला तरी सुरांचा नकाशा डोक्यात तोच राहतो. चाकरमान्यांनी गिरणगावातून हे वाद्य गावी आणलं असणार, आणि गावात ते पहिल्यांदा हाती घेतलं असेल ते भजनातल्या पेटीवाल्यानेच.

नावावरून मात्र फार भांडू नये. हेच वाद्य बलुचिस्तानात ‘बेंजू’ आहे आणि बालीत चक्क ‘मँडोलिन’! टणटणणारं परदेशी वाद्य दिसलं की जे नाव कानावर असेल ते चिकटवायचं, एवढंच.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा बेंजोच्या उणिवेत आहे. बटणांवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, जवळजवळ निघत नाही. पेटीवरही नाही, ह्याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. भजनी मंडळांनी त्या बंदीची दखलही घेतली नाही. सुटे, ठसठशीत सूर त्यांच्या कानांत आधीच मुरलेले होते, आणि कोळीगीताला वरातीत नेमके तेच लागतात.