अडीच हे कुणाचे मत?

शाळेचे वातावरण मोजायचे तर शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, उत्तरांची सरासरी काढावी आणि तो आकडा शाळेच्या नावापुढे लिहावा. एम.एड.च्या प्रबंधांत ही रीत इतकी रुळली आहे की तिचे समर्थन करण्याची गरजही कुणाला वाटत नाही. तिचे मूळ हॅल्पिन आणि क्रॉफ्ट यांच्या कामात. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अमेरिकेतल्या ७१ प्राथमिक शाळांत ६४ विधानांची प्रश्नावली वापरली आणि ‘खुले’ ते ‘बंदिस्त’ अशी वातावरणाची सहा रूपे मांडली.

पूर्वपक्ष दुबळा नाही. एकाचा राग आणि दुसऱ्याची खुशामत सरासरीत एकमेकांना खोडतात, उरते ते शाळेचे, असे तो म्हणतो. पण त्यासाठी मतभेद विखुरलेले हवेत. ते एकाच रेघेवर दुभंगले असतील तर?

आठ शिक्षकांची शाळा घ्या. ‘मुख्याध्यापक अडचणी ऐकून घेतात’ या विधानापुढे सकाळच्या सत्रातले चौघे ४ देतात, दुपारचे चौघे १. मुख्याध्यापक साडेबाराला घरी जातात, एवढेच कारण. सरासरी अडीच. शेजारच्या शाळेत चौघे २ देतात, चौघे ३, तिथेही अडीच. पहिल्या शाळेत अडीचच्या आसपासही कुणी नाही. (कागदी कामाच्या जाचाचेही तसेच. जिला मतदार यादीचे काम लागले ती ४ देते, बाकीच्या १. शिवाय वरून आलेले ते काम मापनात मुख्याध्यापकांच्या खात्यावर पडते, ते वेगळेच.)

जेम्स, डिमॅरी आणि वुल्फ यांनी १९८४मध्ये गटातले एकमत मोजणारा निर्देशांक दिला. सरासरीआधी तो पाहावा, हे रास्तच. मात्र एकमत कमी निघाले म्हणून शाळाच अभ्यासातून वगळणे मला पटत नाही. एका छपराखाली दोन शाळा चालतात, ही तर त्या सर्वेक्षणातली सर्वांत मोलाची नोंद.

तेव्हा सत्र, पद, सेवेची वर्षे यांनुसार उत्तरे वेगवेगळी मांडावीत. सरासरी शेवटी, तीही एकमत दिसले तरच. यात नाव उघडे पडण्याची भीती खरी आहे. ‘दुपार सत्र, शिक्षणसेवक’ एवढे म्हटले की कोण ते शिपायालाही कळते. म्हणून असा तक्ता शाळेला परत देऊ नये, आणि भरलेले कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर तर मुळीच गोळा करू नयेत. वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत प्रश्नावली पिशवीतच राहू द्यावी आणि दोघांशी वेगवेगळे बसून बोलावे.