वऱ्हाडातील भावनिक आधारसेवा

दीर्घ आजार, अपंगत्व, अनाथपण अथवा मानसिक व्याधी यांमुळे दुसऱ्याच्या सेवेवर अवलंबून राहावे लागणाऱ्या व्यक्तीस भय, क्रोध, शोक, लज्जा इ. भावना ओळखता याव्यात, व्यक्त करता याव्यात व त्यांचा तोल राखता यावा, म्हणून केले जाणारे साहाय्य. औषधोपचार, निवास व भोजन यांहून हे साहाय्य वेगळे असले, तरी त्याच्या अभावी त्या तिन्हींचा अपेक्षित परिणाम होत नाही. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या सेवेचा इतिहास मुख्यतः धर्मशाळा, कुष्ठधाम, बालगृह व गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्याद्वारा घडला.

ब्रिटिश अमदानीत मनोरुग्णांची व्यवस्था प्रामुख्याने बंदोबस्ताच्या दृष्टीने पाहिली जाई. नागपूर येथील मनोरुग्णालय 1864 मध्ये स्थापन झाले, तर 1912 च्या कायद्याने रुग्णास दाखल करण्याची व ठेवून घेण्याची रीत ठरवून दिली. तीत रुग्णाच्या संमतीला फारसे स्थान नव्हते. शिवाय नागपूर दूर असल्याने सामान्य कुटुंबाचा आधार श्रद्धास्थानांवरच असे. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मानसिक व्याधीने पीडित व्यक्तींना घेऊन येण्याचा प्रघात आहे. अशा स्थळी नातेवाइकांना दिलासा व समदुःखी माणसांचा सहवास मिळतो. परंतु रुग्णास बांधून ठेवण्याच्या प्रथेचे धोकेही मोठे आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हा ते देशाच्या ध्यानी आले.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (1876–1956) यांनी या प्रश्नाची एक उपेक्षित बाजू ओळखली. परगावच्या रुग्णालयात रुग्ण दाखल झाला, की त्याचे आप्त पदपथावर राहतात. त्यांची चिंता रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते. महाराजांनी पंढरपूर, नासिक, आळंदी इ. ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळा त्याच कार्याचा विस्तार होत. उशाशी आपले माणूस असणे हा रुग्णाच्या मनःशांतीचा प्रथम आधार होय, हे तत्त्व त्यांमागे आहे. महाराजांचे निधन अमरावतीजवळ वलगाव येथे झाले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत रोगापेक्षा बहिष्कार अधिक दुःसह असे. 1898 च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. घर, गाव व व्यवसाय एकदम सुटल्याने रुग्णाच्या मनात लज्जा व निराशा घर करी आणि समाजाची घृणा तो स्वतःबद्दलही बाळगू लागे. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केले. त्यानंतर 1946 मध्ये होमिओपॅथीचे चिकित्सक शिवाजीराव पटवर्धन (1892–1986) यांनी अमरावती येथे विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून तपोवन उभारले. बाबा आमटे यांचे वरोड्याचे आनंदवन त्यानंतरचे. तपोवनात शेती, विणकाम, सुतारकाम यांसारख्या कामांना उपचाराइतकेच महत्त्व देण्यात आले. भिक्षेऐवजी श्रमाची भाकरी मिळू लागली, की रुग्णाची मान ताठ होते, ही त्यामागील दृष्टी. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यावर रोग पूर्ण बरा होऊ लागला. तथापि बऱ्या झालेल्या माणसाला घर परत स्वीकारीलच, अशी खात्री नव्हती. औषधाने जंतू मरतात. तुटलेले नाते जोडण्यास वेगळी सेवा लागते, हे यावरून स्पष्ट होते.

अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस मतिमंद, मूकबधिर व अंध मुलांसाठी चालविलेले अंबादासपंत वैद्य बालगृह हा वेगळा प्रयोग आहे. भावनेचा तोल मूल एकट्याने शिकत नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या स्थिर सहवासातून ते प्रथम शांत होते व पुढे स्वतःला शांत करू लागते. त्यामुळे सांभाळणारी माणसे वारंवार बदलल्यास त्याची हानी होते. येथील मुलांना पापळकरांनी आपले नाव दिले असून परिसरातील वृक्षराजी मुलांच्या सहभागाने वाढविली आहे. वयाच्या अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागण्याचा नियम अशा मुलांना लागू करू नये, ही त्यांची मागणी या तत्त्वाशी सुसंगत आहे. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री देण्यात आली.

कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या विषयास नवे गांभीर्य आले. 2006 मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत भर कर्ज, व्याज व सिंचन यांवर होता. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाने मानसिक बाजू हाती घेतली. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलत, मानसिक प्रथमोपचार देत आणि गरजेनुसार व्यक्तीस समुपदेशक वा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवीत. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी 4·3 टक्के होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत ते 27·2 टक्के आढळले. राज्य शासनाने 2015 मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला व त्यात आशा कार्यकर्त्यांना सहभागी करून घेतले. खेड्यात ‘डोक्याचा दवाखाना’ म्हटले की माणूस बिचकतो. ओळखीच्या बाईने ओट्यावर बसून झोप, भूक व काळजी यांची विचारपूस केली, तर तो मोकळा होतो. मात्र नापिकी व कर्ज कायम असता केवळ समुपदेशन अपुरे पडते.

या सेवेत एक धोका संभवतो. रुग्ण शांत राहावा ही संस्थेची सोय असते आणि शांतता व आज्ञाधारकता यांत गल्लत होऊ शकते. बांधून, कोंडून किंवा गुंगीचे औषध देऊन आणलेली शांतता हे भावनांचे नियमन नव्हे. रडणे, रागावणे, नकार देणे यांनाही अर्थ असतो व तो जाणून घेणे हेच सेवकाचे काम असते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली व प्रतिष्ठेने जगण्याचा त्याचा हक्क मान्य केला. परिचारिका, काळजीवाहक व घरातील सेवा करणाऱ्या स्त्रिया यांच्यावरील ताण हाही याच विषयाचा भाग होय. कारण थकलेला सेवक दुसऱ्यास धीर देऊ शकत नाही. नातलगांना आसरा, रुग्णास श्रम व मान, मुलास स्थिर नाते आणि खचलेल्या माणसास ऐकून घेणारा शेजारी, असे हे चार आधार वऱ्हाडातील अनुभवातून पुढे आलेले दिसतात.