पात्र आणि अपात्र : यवतमाळ जिल्ह्यातील मदतीच्या कसोट्यांचा इतिहास

माझ्याजवळ एक जुनी वही आहे. गेल्या वीस वर्षांत जिल्ह्यातील गावोगाव फिरताना कानावर पडलेले शब्द मी तिच्यात टिपत आलो. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'दुष्काळ' नाही, 'कर्ज'ही नाही. तो आहे 'अपात्र'. हा शब्द आमच्या खेड्यांत कसा आला, त्याआधी त्याच्या जागी काय होते, हे शोधण्याचा हा प्रयत्न. मी विद्यापीठातला माणूस नाही. जे वाचले ते ग्रंथालयात बसून आणि जे कळले ते लोकांच्या ओट्यावर बसून.

सुरुवात इंग्रजी अमलापासून करावी लागते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या कापसाची आठवण झाली आणि ज्वारीच्या रानात कापूस पसरला. आमचा जिल्हा तेव्हा वणी या नावाने ओळखला जाई; १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले. त्याआधीच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ वऱ्हाडाने पाहिला होता. घरात पैसा खेळवणारे पीक होते, पण पावसाने दगा दिला तेव्हा कणगीत दाणा नव्हता.

त्या काळी मदत द्यायची कशी, हे 'फॅमिन कोड'ने ठरवून दिले होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या या नियमावलीचे मूळ सूत्र एकच : मागणारा खरोखर गरजू आहे की नाही, हे त्याच्या शरीराने सिद्ध करावे. त्याने घरापासून दूरच्या कामावर जावे, खडी फोडावी, माती वाहावी आणि जेमतेम जगण्यापुरती मजुरी घ्यावी. इतके सोसून जो येईल तो गरजू. म्हातारे, आजारी, अपंग यांच्यासाठी फुकट मदत होती, पण त्यांच्या याद्या गावकामगारांच्या सांगण्यावरून होत. म्हणजे धडधाकटाची परीक्षा दगडाने घेतली आणि दुबळ्याची पाटलाच्या मर्जीने. कागद फारसा लागत नव्हता. शरीर हाच दाखला होता.

दुसरा टप्पा माझ्या स्वतःच्या आठवणीतला आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. माय पाझर तलावाच्या कामावर जायची. बांधावर बाभळीखाली मुलांना ठेवून बाया टोपल्या वाहत. मुकादम हजेरीपटावर नाव लिही आणि माय अंगठा उठवी. कामही तेच आणि मातीही तीच, पण १९०० सालच्या कामात आणि या कामात एक मोठा फरक होता. तो मला फार उशिरा कळला.

रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये ती राज्याने स्वीकारली, तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. कायद्याने सांगितले की जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, आणि बाई-पुरुष असा मजुरीत भेद करायचा नाही. भत्ता तुटपुंजा होता आणि मजुरी वेळेवर मिळेच असे नाही. तरीही मायला 'तू गरीब आहेस का' असे कोणी विचारले नाही. तिने काम मागितले, एवढे पुरे होते. याच धर्तीवर देशाचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ साली त्याच्या पहिल्या २०० जिल्ह्यांत यवतमाळ होता.

पण त्याच जिल्ह्यात दरम्यान वेगळेच काही घडत होते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी मालती आणि चार मुलांसह वर्ध्याजवळ जीवन संपवले. नव्वदीच्या उत्तरार्धापासून अशा बातम्या रोजच्या झाल्या. रोजगार हमीची रचना मजुरासाठी होती. कर्जात बुडालेला कापूसवाला शेतकरी टोपली उचलायला जात नव्हता. त्याला लाज आडवी येई.

मग मदत आली ती मरणानंतरची. एक लाख रुपये : तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी तीन कसोट्या लागल्या. कुटुंबाच्या नावे शेती, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, आणि वसुलीचा तगादा. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातही यवतमाळ होता. पैसा मोठा होता. पण दारात पोहोचताना त्याला पुन्हा कागदच भेटत होता.

माझ्या शेजारच्या गावातील एका बाईचा अर्ज मी स्वतः लिहून दिला होता. नवऱ्याने चार एकर मक्त्याने केले होते. सातबारा दुसऱ्याचा. बियाणे-खत दुकानातून उधार, उरलेले पैसे गावातल्याच एकाकडून हातउसने. तगादा रोज दारात येत होता, पण त्याची नोटीस नव्हती. तीनही कसोट्यांवर ती नापास झाली. पत्र वाचून दाखवल्यावर तिने विचारले, "भाऊ, म्हंजे ते शेतकरी नव्हते का?" मला उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला पुढे बचत गटांत सापडले. महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे 'माविम'ची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ ची. पुढे गावोगावचे गट एकत्र येऊन त्यांची 'लोकसंचालित साधन केंद्रे' उभी राहिली, ज्यांचा कारभार बायाच पाहतात. २०११ मध्ये 'उमेद' अभियान सुरू झाले आणि पहिल्या जिल्ह्यांत यवतमाळ आला. त्यात दुसऱ्या गावच्या बाया, 'वर्धिनी', मुक्कामाला येऊन घरोघर जातात आणि गट बांधतात. गावातले गरीब कोण, हे गावानेच बसून ठरवायचे अशी पद्धत. गटात कर्ज मागणाऱ्या बाईला सातबारा विचारला जात नाही. समोर बसलेल्या दहा जणींना तिचे घर ठाऊक असते.

२०१५ साली शासनानेही अशीच वाट धरली. 'बळीराजा चेतना अभियान' यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुरू झाले, गावपातळीवर समित्या झाल्या. 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन झोप लागते का, जेवण जाते का, असे साधे प्रश्न विचारू लागल्या. मरणानंतर येणारा पंचनामा आणि मरणाआधी येणारी आशाताई यांतले अंतर मला फार मोठे वाटते.

तरी गटांचे गोडवे गाताना सावध राहावे लागते. ज्या बाईला आठवड्याचे बचतीचे पैसेही निघत नाहीत, ती गटातून हळूच गळते. केळापूर, झरी जामणी भागातल्या कोलामांच्या पोडांवर हे मी पाहिले आहे. तिथे कामासाठी गाव सोडावे लागले की बैठक चुकते आणि बैठक चुकली की नाव जाते. ही कसोटी शेजाऱ्यांची असली तरी कसोटीच आहे.

सव्वाशे वर्षांत आमच्या जिल्ह्याने शरीर, मागणी, कागद आणि शेजार अशा चार कसोट्या पाहिल्या. त्यांतली दुसरी मला सर्वांत माणुसकीची वाटते. तिच्यात मागणाऱ्याच्या शब्दावर विश्वास होता. हा निष्कर्ष माझ्या मायच्या आठवणीने रंगलेला असेल, हे मी मान्य करतो.

ती अर्जवाली बाई आता गटाचा हिशेब ठेवते. मागच्या उन्हाळ्यात तिने मला रजिस्टर दाखवले. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात एका ठिकाणी 'मक्त्याची शेती, बियाणे' असे लिहिले होते. अक्षर तिचेच होते.