छाप (मुद्राचित्रण कार्यशाळा)

छाप ही गुजरातमधील वडोदरा येथील मुद्राचित्रणाची, म्हणजे ठशावरून कागदावर चित्र उमटवण्याच्या कलेची, सामायिक कार्यशाळा आहे. गुलाममोहम्मद शेख, विजय बागोडी व कविता शाह या कलावंतांनी १९९९ मध्ये तिची स्थापना केली.

पार्श्वभूमी

वडोदऱ्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत (स्थापना १९५०) मुद्राचित्रण शिकवले जाते. मात्र शिक्षण संपले की विद्यार्थ्याचा तेथील यंत्रांशी संबंध सहसा तुटतो. अम्लरेखनात आम्लाने कोरलेल्या धातुपत्र्यातील शाई ओलसर कागदावर उतरवण्यासाठी जड रुळांचे दाबयंत्र लागते. असे यंत्र, पुरेशी जागा व आम्ल हाताळण्याची सोय एकट्या कलावंताला परवडणे कठीण असते. चित्रकार घरीही रंगवू शकतो; यंत्राअभावी मुद्राचित्रकाराचे काम मात्र थांबते. सामायिक कार्यशाळेत तीच साधने अनेकांच्या उपयोगी पडतात.